ज्येष्ठेकडून येणारा वारा

मृग नक्षत्रातले चार पाय आणि मधला तीन ताऱ्यांचा बाण कुणाला शोधून द्यावा लागत नाही. व्याधाने मारलेल्या या बाणाचे टोक, म्हणजे तिघांपैकी व्याधापासून सर्वांत दूरचा तारा, खगोलशास्त्रात मिंटाका नावाने ओळखला जातो. 1904 साली जर्मनीतल्या पोट्सडॅम वेधशाळेत योहानेस हार्टमान या ताऱ्याच्या वर्णपटाच्या काचा तपासत होता. मिंटाका एकटा नाही. तिथले दोन तारे एकमेकांभोवती पावणेसहा दिवसांत एक फेरी मारतात. या फिरण्यात तारा कधी आपल्या दिशेने येतो तर कधी दूर जातो, आणि त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा त्यानुसार कधी निळ्या बाजूला, तर कधी तांबड्या बाजूला सरकतात. हार्टमानच्या काचांवर सगळ्या रेषा अशा सरकत होत्या. एकच रेषा हलायला तयार नव्हती. कॅल्शियमची ती रेषा इतरांपेक्षा कितीतरी बारीक आणि रेखीव होती, आणि ताऱ्याच्या फिरण्याशी तिला काही देणेघेणेच नव्हते.

हार्टमानने सरळ निष्कर्ष काढला. हे कॅल्शियम ताऱ्याचे नाही. तारा आणि आपण यांच्या मध्ये कुठेतरी त्याचा ढग आहे आणि ताऱ्याचा प्रकाश त्यातून गाळून येतो आहे. आज हे वाचताना सोपे वाटते, पण त्या काळी दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी असते हे कुणी सिद्ध केलेले नसूनही सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. त्यामुळे पुढची वीसेक वर्षे वाद चालला: हा ढग खरोखर अधांतरी आहे, की त्या ताऱ्यांनीच अंगाभोवती गुंडाळून घेतलेला आहे? 1919 मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत मेरी ली हेगर यांना सोडियमच्या रेषाही तशाच अचल आढळल्या. 1930 मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने तारकागुच्छांचा अभ्यास करून दाखवून दिले की दूरचे गुच्छ जितके मंद दिसायला हवेत त्याहूनही मंद दिसतात, कारण वाटेतली धूळ त्यांचा प्रकाश खाते. त्यानंतर मात्र अवकाश रिकामे आहे असे म्हणणे कुणाला शक्य राहिले नाही.

कॅल्शियम आणि सोडियम आधी सापडले ते त्यांच्या रेषा ठळक असतात म्हणून. ते तिथे भरपूर आहेत म्हणून नव्हे. या वायूतल्या दर दहा अणूंपैकी नऊ हायड्रोजनचे असतात आणि उरलेला एक जवळजवळ नेहमी हेलियमचा. बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून चिमूटभर. धूळ म्हणाल तर वजनाने शंभरातला एक भाग. पण प्रकाश अडवण्याचे काम मुख्यतः तीच करते.

हाच वायू काही ठिकाणी दाट होतो, शेजारी एखादा प्रखर तारा असतो, आणि मग आपण त्याला तेजोमेघ म्हणतो. मृगाच्या बाणाखाली अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही एक पुसट ठिपका दिसतो, तो मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ. सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर आणि वीसेक प्रकाशवर्षे रुंद. त्याच्या पोटात नुकतेच जन्मलेले तारे आहेत आणि त्यांच्यातल्या सर्वांत तापट ताऱ्याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूचा वायू पेटल्यासारखा चमकतो. कृत्तिकांभोवती छायाचित्रांत दिसणारी निळसर झालर मात्र वेगळ्या जातीची. तिथला ढग स्वतः प्रकाशत नाही, त्यातली धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते. शिवाय तो ढग कृत्तिकांचा स्वतःचाही नाही. त्या तारकागुच्छाची आणि त्या धुळीची वाटेत गाठ पडली आहे, इतकेच. तिसरी जात काळ्या मेघांची. आकाशगंगेच्या पट्ट्यात मधेच जे काळे चट्टे दिसतात ती पूर्वी ताऱ्यांमधली भोके समजली जात. एडवर्ड बार्नार्डने वर्षानुवर्षे त्यांची छायाचित्रे घेतली आणि 1919 मध्ये अशा 182 काळ्या खुणांची यादी छापली. स्वतः बार्नार्डलाही त्या भोके नसून आड येणारे ढग आहेत हे पटायला बराच काळ लागला.

तेजोमेघ वायूचे बनलेले असतात हे मात्र याआधीच, 1864 मध्ये, विल्यम हगिन्सने लंडनजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेतून पाहिले होते. कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे त्याने वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा दिसेल अशी अपेक्षा होती, आणि दिसल्या मोजक्या चमकदार रेषा. म्हणजे तो विरळ, तापलेला वायू होता. पण त्यातल्या ठळक हिरव्या रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. मग एक नवे मूलद्रव्य कल्पून त्याला ‘नेब्युलियम’ असे नावही देण्यात आले. ते साठएक वर्षे टिकले. 1927 मध्ये आयरा बोवेनने कोडे सोडवले. तो साधा ऑक्सिजनच होता, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्या अवस्थेतल्या उत्तेजित अणूला हिरवा प्रकाश टाकायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. आपल्या प्रयोगशाळेतल्या वायूत अणूला इतका वेळ कोण देणार? त्याआधीच दुसरा अणू येऊन धडकतो आणि ती ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. तेजोमेघात मात्र अणूला पुरेसा एकांत मिळतो. म्हणजे ज्याला आपण ‘दाट’ ढग म्हणतो, त्याची चमकच मुळी त्याच्या विरळपणामुळे आहे.

इथे छायाचित्रांबद्दल एक तक्रार नोंदवायला हवी. हबल आणि वेब दुर्बिणींच्या चित्रांमुळे अनेकांची अशी समजूत झाली आहे की यानातून मृगाच्या तेजोमेघापाशी गेलो तर खिडकीतून गुलाबी-जांभळे डोंगर दिसतील. तसे काही दिसणार नाही. पसरट वस्तूच्या जवळ गेल्याने ती मोठी दिसते, उजळ दिसत नाही. प्रकाश वाढतो, पण तो तितक्याच मोठ्या क्षेत्रावर पसरतो. आपल्या अंगणातून दुर्बिणीत जो राखाडी, किंचित हिरवट धूसरपणा दिसतो, साधारण तसाच तिथूनही सगळ्या आकाशभर दिसेल. आणि ढगाच्या आत गेल्यावर तर ढग ओळखणेही अवघड. घाटात धुक्यात शिरलेल्या माणसाला समोरचा रस्ता पुसट दिसतो, ढगाचा आकार दिसत नाही.

आपली अवस्था नेमकी तीच आहे. सूर्य आणि त्याच्यासोबत आपण सगळे एका आंतरतारकीय ढगाच्या आत आहोत. तो न चमकणारा आणि अतिशय विरळ असल्याने कुणाला दिसत नाही, पण मोजता येतो. शास्त्रज्ञ त्याला ‘स्थानिक आंतरतारकीय ढग’ असे रुक्ष नाव देतात.

मोजणीसाठी आधी हायड्रोजन पाहता यायला हवा, आणि थंड हायड्रोजन कसलाच दृश्य प्रकाश टाकत नाही. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये 1944 साली हेंड्रिक व्हान डे हुल्स्टने गणित करून दाखवले की हायड्रोजन अणूतल्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर बाहेर पडायला हवी. एकट्या अणूच्या बाबतीत ही गोष्ट घडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षे लागतात, पण आकाशगंगेत अणूंना तोटा नाही. मार्च 1951 मध्ये हार्वर्डमध्ये हॅरोल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांना ही लहर सापडली. युएनने लाकूड आणि तांब्याचा पत्रा वापरून एक कर्णा बनवला होता आणि तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर आकाशाकडे रोखलेला होता. पाऊस आला की पाणी त्यातून थेट प्रयोगशाळेत येई, आणि हिवाळ्यात येणारे-जाणारे विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकत. एका नव्या विज्ञानशाखेची सुरुवात अशीही होऊ शकते.

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 तबकड्यांच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम हेच, हायड्रोजनची ही लहर टिपण्याचे. प्रत्येक तबकडी 45 मीटर व्यासाची. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकांतून निघालेली 21 सेंटिमीटरची लहर इथे पोहोचेपर्यंत ताणून लांब झालेली असते, आणि खोडदची दुर्बीण त्या लांब लहरींसाठीच बांधली गेली. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. पुण्याकडच्या वाचकांनी एकदा जाऊन यायला हरकत नाही.

या सगळ्या मोजण्यांतून आपल्या परिसराचा नकाशा तयार झाला आणि तो थोडा विचित्र निघाला. आकाशगंगेतल्या आपल्या भागात वायूची सरासरी घनता दर घनसेंटिमीटरला एखाद्या अणूइतकी असते. पण सूर्याभोवती सुमारे हजार प्रकाशवर्षे रुंदीची एक पोकळी आहे जिथे ती याच्या शंभराव्या भागाच्याही खाली जाते. तिला ‘स्थानिक बुडबुडा’ म्हणतात. कॅथरीन झुकर आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये गाया यानाच्या मोजमापांवरून ताऱ्यांचे मार्ग उलटे चालवून पाहिले. त्यांच्या मते सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी इथे एकामागून एक मोठे तारे फुटू लागले. असे जवळपास 15 अतिनवतारे झाले आणि त्यांच्या दणक्याने वायू सगळीकडे बाहेर लोटला गेला. तो बुडबुड्याच्या कवचावर साठला, दाट झाला, आणि आता तिथे नवे तारे जन्मत आहेत. आपल्यापासून 500 प्रकाशवर्षांच्या आतले ताऱ्यांच्या जन्माचे सगळे मोठे मेघ या कवचावर आहेत. वृषभ राशीतलेही आणि ज्येष्ठेजवळचे, भुजंगधारीतलेही. सूर्याचा या घडामोडींशी काही संबंध नव्हता. तो सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी वाटेने जाताना बुडबुड्यात शिरला आणि आज योगायोगाने जवळजवळ मधोमध आहे.

बुडबुडा रिकामा असला तरी त्यात काही पातळ ढग तरंगत आहेत. त्यातल्या एकात आपण आहोत. तो सुमारे 30 प्रकाशवर्षे लांब, आणि दर घनसेंटिमीटरमध्ये त्यात पाव अणू, म्हणजे चार घनसेंटिमीटरमध्ये मिळून एक. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये 25 वर 18 शून्ये इतके रेणू असतात. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी ढगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घातली, 30 प्रकाशवर्षे लांब, तरी तिच्यात जेवढे अणू येतील त्याहून जास्त रेणू टाचणीच्या डबीतल्या हवेत असतात. ढगाचे तापमान सहा-सात हजार अंश आहे, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही थोडे जास्तच. पण तापमान म्हणजे अणूंचा वेग, आणि चटका बसायला वेगाबरोबर संख्याही लागते. या ढगात उघड्यावर सापडलेला माणूस भाजून नव्हे, गारठून जाईल.

आता वाऱ्याकडे. सूर्य या ढगातून सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने चालला आहे, म्हणजे वर्षाला 82 कोटी किलोमीटर. चालत्या गाडीत समोरून वारा लागतो तसा ढगातला वायू सूर्यमालेवर येतो. त्यातले विद्युतभारित कण सूर्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेरच वळवून लावते. उदासीन अणूंना मात्र ते अडवू शकत नाही. हायड्रोजनचे बरेच अणू सीमेवरच आपला इलेक्ट्रॉन गमावून बसतात. हेलियम आपला इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे तो थेट पृथ्वीच्या कक्षेपर्यंत आत येतो. युलिसिस यानाने 1990 नंतर आणि आयबेक्स या छोट्या उपग्रहाने 2008 नंतर हे हेलियमचे अणू पकडून त्यांची दिशा मोजली. वारा ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळून, दहा-अकरा अंशांवरून येतो आणि आकाशाच्या विरुद्ध बाजूला रोहिणीच्या जवळ जातो. ज्येष्ठा आणि रोहिणी आकाशात जवळजवळ समोरासमोर आहेत हे पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊकच असते. आसपासच्या ढगांचा ओघही ढोबळमानाने त्याच, वृश्चिकाकडच्या बाजूने येतो, आणि बुडबुडा फुगवणारे अतिनवतारे तिकडच्याच तारकासमूहातले होते.

हेलियम सूर्याजवळून जाताना गुरुत्वाने वाकतो आणि सूर्यामागे शंकूच्या आकारात गोळा होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पृथ्वी दरवर्षी या शंकूतून जाते. साधारण मार्गशीर्षातली गोष्ट. सूर्य तेव्हा ज्येष्ठेजवळ असतो आणि रात्रभर आकाशात मृग-रोहिणी असतात. त्या दिवसांत यानांवरच्या उपकरणांत बाहेरच्या हेलियमची नोंद ठळकपणे वाढते.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाबद्दल. 1868 मध्ये हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे कोकणात सर्रास सांगितले जाते. पण ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचे महत्त्वाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेनने आंध्रातल्या गुंटूरहून घेतले होते, आणि नॉर्मन लॉकियरने ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय हेलियमची पिवळी रेषा पाहिली ती इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गाला आला जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. किल्ल्यावर तो येऊन गेला ही गोष्टही काही लहान नाही. तिला खोट्या तारखेचा टेकू द्यायची गरज नाही.

ढगाची अप्रत्यक्ष मोजणी एवढी झाली. प्रत्यक्ष त्यात जाऊन पोहोचले ते व्हॉयजर 1 हे यान. सूर्यापासून निघणारा सौरवारा आपल्याभोवती एक प्रचंड कवच फुगवून ठेवतो आणि ढगाला बाहेर रोखतो. 25 ऑगस्ट 2012 ला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 122 पट अंतरावर, यानाच्या उपकरणांतून सौरकण अचानक गायब झाले आणि बाहेरचे विश्वकिरण वाढले. सीमा ओलांडली असे जाहीर करायला हरकत नव्हती, पण चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली नाही, आणि ती बदलायला हवी असे सगळ्या गणितांचे म्हणणे होते. आजूबाजूच्या वायूची घनता मोजणारे उपकरण तर 1980 मध्येच बंद पडलेले. त्यामुळे यान ढगात आहे की नाही यावर वर्षभर वाद झाला.

सोडवणूक सूर्याकडूनच आली. मार्च 2012 मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांची लाट तेरा महिने प्रवास करून एप्रिल 2013 मध्ये यानापर्यंत पोहोचली आणि तिथले इलेक्ट्रॉन थरथरू लागले. इलेक्ट्रॉन किती वेगाने थरथरतात हे त्यांच्या दाटीवर अवलंबून असते, दुसऱ्या कशावरही नाही. आयोवा विद्यापीठातल्या डॉन गर्नेट यांच्या गटाचा साधा अँटेना अजून चालू होता. त्याने नोंदवलेली कंपने सेकंदाला 2,600 च्या आसपास होती, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्याजोगी, आणि ती खरोखर ध्वनिक्षेपकावर वाजवली गेली. हिशेब केला तर दर घनसेंटिमीटरला 0.08 इलेक्ट्रॉन निघाले, सौरकवचाच्या आत असतात त्याच्या चाळीसपट. यान बाहेर होते, 2012 च्या ऑगस्टपासूनच. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याचे भावंड व्हॉयजर 2 सुद्धा बाहेर पडले, आणि त्याचे घनता मोजणारे उपकरण शाबूत होते. चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याही वेळी फारशी बदलली नाही. तेव्हा चूक यानाची नव्हे, गणितांची होती.

ढगाचा एक पुरावा मात्र यानाशिवाय, जमिनीवर बसून मिळवता येतो. लोह-60 हे लोखंडाचे किरणोत्सारी रूप मोठ्या ताऱ्यांत तयार होते आणि ते तारे फुटल्यावर बाहेर फेकले जाते. त्याचा अर्धायुकाल 26 लाख वर्षांचा, त्यामुळे पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे लोह-60 कधीच संपून गेले आहे. आज ते सापडले तर बाहेरून आलेले असणार. पॅसिफिकच्या तळावरच्या लोह-मँगॅनीजच्या पापुद्र्यांत ते 1999 मध्ये सापडले, वीस-तीस लाख वर्षांपूर्वी येऊन पडलेले. 2019 मध्ये डॉमिनिक कोल आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या जर्मन कोनेन तळाजवळून 500 किलो बर्फ, वीस वर्षांहून जुना नसलेला, गोठलेल्याच स्थितीत म्युनिकला आणला, वितळवला, गाळला, आटवला आणि उरलेल्या अवशेषातले अणू त्वरकयंत्रात एकेक करून मोजले. लोह-60 निघाले. म्हणजे ते आजही पडते आहे, आणि आणणारा ढगच असावा असा कयास आहे.

पण दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या अँटन वॉलनर यांच्या गटाने हिंदी महासागराच्या तळावरचा 33,000 वर्षांचा गाळ तपासला. त्यात लोह-60 सगळ्या थरांत सारखेच थोडे थोडे होते. ढग ते आणत असेल, तर सूर्य ढगात शिरला त्या काळाच्या आगेमागे प्रमाण बदललेले दिसायला हवे. तेव्हा एकतर आपण ढगात त्याहून आधी शिरलो, किंवा ही धूळ ढगाची नसून जुन्या स्फोटांचीच अजून रेंगाळणारी आहे. याचा निकाल लावायला अधिक जुना बर्फ वितळवून पाहावा लागतो. अंटार्क्टिकात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून काढलेला आठ लाख वर्षांपर्यंतचा बर्फ उपलब्ध आहे. अडचण एवढीच की त्या कांड्या जेमतेम दहा सेंटिमीटर जाड असतात, एका मोजणीला शेकडो किलो बर्फ लागतो, आणि त्याच बर्फाच्या बुडबुड्यांत अडकलेल्या जुन्या हवेवर हवामानशास्त्रज्ञांचाही हक्क असतो.